सूर्य जवळ आला म्हणून उन्हाळा होत नाही, २ मे ला अंगणात उभं राहून बघा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल लागला की दरवर्षी एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं, बसमध्ये, बाजारात, व्हॉट्सअॅपच्या फॉरवर्डमध्ये, की सूर्य पृथ्वीच्या जवळ आलाय म्हणून एवढी गरमी होतेय. लोक बोलता बोलता म्हणतात तोवर ठीक आहे, पण माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलीच्या वहीत हेच वाक्य "उन्हाळा का होतो" ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलेलं होतं आणि त्याच्यावर लाल पेनने बरोबरची खूण होती. शाळेचं नाव घेत नाही, कारण हा एका शाळेचा प्रश्नच नाही, मी दहावी-बारावी झालेल्यांना विचारलं, कॉलेजात शिकणाऱ्यांना विचारलं, दहातले सात-आठ जण हेच सांगतात आणि अगदी खात्रीने सांगतात. म्हणून हे पत्र. लांब झालंय, पण जागा असली तर पूर्ण छापा अशी विनंती, कारण मला जे मागायचं आहे ते शेवटी आहे आणि ते का मागतेय हे मधल्या मजकुराशिवाय कळणार नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीत, ३-४ जानेवारीच्या आसपास. तेव्हा अंतर असतं साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. आणि सगळ्यात लांब जाते जुलैच्या सुरवातीला, तेव्हा १५ कोटी २१ लाख. म्हणजे जेव्हा सत्तरी-सांगेत पहाटे शाल काढावी लागते तेव्हा आपण सूर्याच्या पन्नास लाख किलोमीटर जवळ असतो. पन्नास लाख ऐकायला खूप वाटतं पण एकूण अंतराच्या ते तीन टक्केच, त्याने उन्हात सात टक्क्यांच्या आसपास फरक पडतो आणि तो सुद्धा आपल्यासाठी उलट्या बाजूने.

बरं, अंतरामुळे उन्हाळा होत असता तर सगळ्या पृथ्वीवर एकाच वेळी झाला असता ना? गोव्यातल्या माणसाला तर हे पुस्तकात वाचायची पण गरज नाही, आपल्यातल्या किती घरांतली माणसं लिस्बनला आहेत, इंग्लंडात स्विंडनला आहेत, ऑस्ट्रेलियात आहेत, आधीच्या पिढीतले मोझांबिकला होते. डिसेंबरात व्हिडिओ कॉल लावा, स्विंडनवाला दुपारी चारलाच काळोख झाला म्हणून सांगेल आणि मेलबर्नवाला घामाघूम होऊन पंख्याखाली बसलेला असेल. पृथ्वी एकच, सूर्यापासूनचं अंतर त्या दिवशी दोघांना एकच, आणि एकाकडे हिवाळा एकाकडे उन्हाळा.

आणखी एक उदाहरण तर अगदी आपल्या बंदरातलं आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्यातूनच निघाली होती, ६ डिसेंबर १९८१ ला, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली, आणि ९ जानेवारी १९८२ ला ती बर्फावर पोचली. डिसेंबरच का? कारण तिकडचा उन्हाळा तेव्हा असतो, समुद्रावरचा बर्फ फुटतो, जहाजाला वाट मिळते. आज वास्कोत राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, तिथूनच मैत्री आणि भारती ह्या दोन्ही ठाण्यांचं काम चालतं, आणि मैत्रीवर ह्याच दिवसांत जवळजवळ दोन महिने सूर्य मावळतच नाही, उलट आपल्या जूनच्या आगेमागे दोन महिने तो वर येतच नाही. वास्कोच्या मुलांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण त्यांच्या गावातनं लोक दरवर्षी एका ऋतूतून उठून सरळ उलट्या ऋतूत जातात.

मग कारण काय, तर पृथ्वी कललेली आहे. ती ज्या आसाभोवती फिरते तो आस सरळ उभा नाही, २३.४ अंशांनी तिरका आहे. आणि महत्त्वाचं हे की वर्षभर तो एकाच दिशेला तिरका राहतो, ध्रुव ताऱ्याकडे. पृथ्वी सूर्याभोवती फिरत जाते पण तिचा कल फिरत नाही, म्हणून जूनमध्ये उत्तरेकडची बाजू सूर्याकडे वळलेली असते आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेकडची. पुस्तकातल्या चित्रात चार पृथ्व्या काढलेल्या असतात, मुलं ते चित्र पाठ करतात पण तो आस चारही ठिकाणी एकाच दिशेला का दाखवलाय हे कोणी विचारत नाही आणि सगळं रहस्य तिथेच आहे. गोव्यातून ध्रुव बघायचा असेल तर थंडीच्या दिवसांत, आकाश स्वच्छ असताना, उत्तरेला तोंड करून हात लांब करा, क्षितिजापासून दीड मूठ वर तो असतो. कारण एखाद्या जागेचे अक्षांश जितके तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो, पणजी साडेपंधरा अंशांवर आहे आणि लांब केलेली मूठ साधारण दहा अंशांची भरते.

कलण्याने दोन गोष्टी होतात, सूर्य दुपारी किती वर चढतो ते बदलतं आणि दिवस किती तास टिकतो ते बदलतं. बाकी काही नाही. ह्या दोनांमधली पहिली मुलांना समजवायला जरा जड जाते, त्यासाठी मी घरातलं सूप वापरते. सूप उन्हाकडे सरळ तोंड करून धरलं की जमिनीवर त्याची पूर्ण सावली पडते, म्हणजे तेवढं ऊन त्याने अडवलं, आता हळूहळू तिरकं करत जा, सावली अरुंद होत जाते, सूप तेच ऊन तेच पण सुपाच्या वाट्याला येतं ते कमी. जमिनीचं पण तसंच, सूर्य डोक्यावर असला तर पूर्ण, तिरका असला तर तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं.

आता गोव्याचे आकडे बघा. २२ डिसेंबरच्या आसपास पणजीला भर दुपारी सूर्य दक्षिणेला ५१ अंशांपर्यंतच चढतो आणि दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास. २१ जूनला तो ८२ अंशांवर आणि दिवस तेरा तासांचा. लिस्बनला ह्याच दोन तारखांना २८ आणि ७५ अंश, दिवस साडेनऊ तास आणि पंधरा तास. म्हणून लिस्बनला डिसेंबरच्या दिवसात जूनच्या दिवसाच्या साधारण एक तृतीयांशच ऊन मिळतं (ढग सोडून द्या, वातावरणाच्या वर पोचणाऱ्या उन्हाचा हिशोब), आणि गोव्यात मात्र डिसेंबरात सुद्धा जूनच्या पाऊण हिस्सा मिळतं. म्हणून आपल्याकडे हिवाळा म्हणजे पहाटेचा गारवा आणि दुपारी परत घाम. आपल्या मुलांना "हिवाळ्यात झाडांची पानं गळून पडतात, बर्फ पडतो" असली चित्रं दाखवून ऋतू शिकवायचे म्हणजे लिस्बनचा ऋतू गोव्यात शिकवल्यासारखं आहे.

आणि आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी मुख्यतः लिहायला बसले ती. गोव्यात सूर्य वर्षातून दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो. दररोज दुपारी सूर्य डोक्यावर येतो असं आपण बोलतो पण ते खरं नाही, वर्षातले फक्त दोन दिवस तसं होतं, पणजीच्या आसपास २ मे ला आणि १० ऑगस्टला, वर्षागणिक एखादा दिवस इकडेतिकडे. काणकोणला मे मध्ये एक-दोन दिवस आधी, पेडण्याला साधारण एक दिवस नंतर, आणि ऑगस्टमध्ये उलट क्रम, आधी पेडणे मग काणकोण. त्या दिवशी दुपारी सरळ उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, ती वस्तूच्या पायाखाली जाते. वेळ बाराची नाही, कारण आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला आहे, त्यामुळे मे च्या सुरवातीला आपल्याकडचा खरा मध्यान्ह बारा वाजून बत्तीस मिनिटांच्या आसपास होतो आणि ऑगस्टमध्ये बारा चाळीसला.

ह्या दोन तारखांच्या मधले जे तीन-सव्वातीन महिने आहेत त्यात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. हे मी सांगितलं की लोक मान्यच करत नाहीत, कारण आपण लहानपणापासून धरून बसलोय की सूर्य दक्षिणेच्या बाजूने जातो. पण अंगणातली तुळस बघा. वर्षातले जवळजवळ नऊ महिने दुपारी वृंदावनाची सावली उत्तरेकडे पडते आणि मे च्या पहिल्या आठवड्यानंतर ती दक्षिणेकडे पडायला लागते. एक मीटरची काठी अंगणात ओळंब्याने सरळ रोवली तर डिसेंबरच्या शेवटी दुपारी सावली ८१ सेंटीमीटर उत्तरेला, २१ मार्चला २८ सेंटीमीटर, २ मे ला शून्य, आणि २१ जूनला ढग फाटून ऊन मिळालंच तर १४ सेंटीमीटर दक्षिणेला. मग परत मागे. जुन्या ज्योतिषात ह्या काठीला शंकू म्हणायचे आणि त्याच्या सावलीवरून दिशा, अयन, वेळ सगळं काढायचे, त्याला ना वीज लागते ना लॅब ना फंड. लिस्बनला हे कधीच दिसत नाही, लंडनला नाही, दिल्लीला पण नाही, कारण कर्कवृत्ताच्या वर सूर्य डोक्यावर जातच नाही. आपल्याला ते दोनदा मिळतं आणि आपण शाळेत मुलांना पंख्याखाली बसवून ऋतूंचं चित्र पाठ करायला लावतो!

इथे कोणी हुशार मुलगा विचारेल (आणि विचारावंच) की सूर्य मे, जून, जुलै सगळा वेळ डोक्याजवळच आहे आणि २१ जूनला दिवस सगळ्यात मोठा आहे तर मग सगळ्यात जास्त गरमी जूनमध्ये का नाही, एप्रिल-मे मध्ये का? ह्याचं उत्तर शोधताना मला एक गोष्ट सापडली ती वाचकांना फार आवडेल असं वाटतं. ग्लोब किंवा मोबाईलवर नकाशा घ्या, पणजीवर बोट ठेवा आणि सरळ पश्चिमेला न्या. अरबी समुद्र, येमेन, तांबडा समुद्र पार करून तुम्ही सुदानमधल्या खार्टूमला पोचता, जिथे निळी नाईल आणि पांढरी नाईल एकत्र येतात. खार्टूम पण साडेपंधरा अंशांवर. म्हणजे पणजीचा आणि खार्टूमचा सूर्य वर्षभर एकच, सावली एकच, दिवसाची लांबी एकच, डोक्यावर यायचे दोन दिवस पण तेच. आणि तिथे मे-जूनमध्ये दिवसाचं टेम्परेचर रोज चाळीसच्या वर जातं, वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटर पण नाही. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास! तेव्हा पृथ्वीच्या कलण्याने सूर्य ठरतो, दिवस ठरतो, पण त्या उन्हाचं पुढे काय होणार हे समुद्र, वारा आणि डोंगर ठरवतात. खार्टूमजवळ ना समुद्र ना सह्याद्री, आपल्याजवळ दोन्ही.

आणि पाऊस पण शेवटी त्याच कलण्याचं काम आहे, फक्त लांबच्या वाटेने. मार्चपासून सूर्य उत्तरेला सरकतो तशी भारत, पाकिस्तान, तिबेटचं पठार हे सगळं तापत जातं, जमीन लवकर तापते आणि समुद्र सावकाश, वायव्य भारताच्या बाजूला हवेचा दाब पडतो. त्याच वेळी दक्षिण गोलार्धात हिवाळा सुरू झालेला असतो आणि मॉरिशस-मादागास्करच्या बाजूला दाब वाढतो. तिकडून वारे निघतात, विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून जोरात येतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आपल्या अंगावर येतात. येताना अरबी समुद्राचं पाणी उचलतात, जो एप्रिल-मे मध्ये तीस अंशांपर्यंत तापलेला असतो. मग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात, आणि ओततात, म्हणून वाळपई-सांगेला पणजीपेक्षा जास्त पाऊस. जमीन आणि समुद्राच्या तापण्यातल्या फरकाने मान्सून होतो हे एडमंड हॅलीने, ज्याच्या नावाचा धूमकेतू आहे त्याने, १६८६ सालीच मांडलं होतं, विषुववृत्तावरून वळण्याचा भाग नंतर लोकांनी भरला. तर जून लागतो, ढग येतात, ऊन अडतं, जमीन भिजते, आणि सूर्य डोक्यावर असून सुद्धा गरमी उतरते. ऑक्टोबरला ढग जातात तेव्हा सूर्य अजून फार दक्षिणेला गेलेला नसतो, दुपारी सत्तर अंशांच्या आसपास असतो, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत उकडतं. गोव्याला दोन उन्हाळे आहेत असंच मी मुलांना सांगते, एक काजू-मानकुरादचा आणि एक गणेश चवथीनंतरचा.

ह्या वाऱ्याने आपला इतिहास पण ठरवलाय. आफोंसो द आल्बुकेर्कने १५१० च्या सुरवातीला गोवा घेतला, मे मध्ये आदिलशाहीच्या सैन्याने त्याला शहरातनं हाकलला, आणि तो जहाजांवर चढला पण समुद्रात जाऊ शकला नाही कारण पाऊस लागलेला, मांडवीच्या मुखावरून जहाज बाहेर काढणं शक्यच नव्हतं. ऑगस्टपर्यंत तो मांडवीतच अडकून होता, खायचे हाल, वरून किनाऱ्यावरच्या तोफा. पाऊस ओसरल्यावर सुटला, आणि २५ नोव्हेंबर १५१० ला परत येऊन गोवा घेतला. पुढे लिस्बनहून निघणारी जहाजं मार्च-एप्रिलला निघायची म्हणजे नैर्ऋत्येचा वारा पकडून सप्टेंबरच्या आसपास इथे पोचता यावं, आणि परत जायची डिसेंबर-जानेवारीला, ईशान्येच्या वाऱ्यावर. आज १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, मे मध्ये मडगावला पुरुमेंताचं फेस्त भरतं आणि लोक सोलं, सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा भरून ठेवतात, ते सगळं ह्याच वाऱ्याचं वेळापत्रक आहे.

पंचांगाबद्दल थोडं, कारण तुमच्या पेपरात ते रोज येतं आणि लोक खूप श्रद्धेने वाचतात, मी पण वाचते. आपले महिने चंद्राचे, बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस, आणि ऋतू सूर्याचे, ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक, तो भरून काढायला बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना, २०२३ ला श्रावण अधिक होता, २०२६ ला ज्येष्ठ. तो घातला नसता तर चवथ हळूहळू मे मध्ये आली असती, मग मार्चमध्ये, आणि गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीला बांधायला रानातली फळं कुठून आणायची! इस्लामी कालगणनेत अधिक महिना नाही म्हणून ईद तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येते. पण अधिक महिना घालून सुद्धा चवथ पुढे मागे होतेच, २०२३ ला १९ सप्टेंबर आणि २०२५ ला २७ ऑगस्ट. म्हणून शेतकरी पेरणीला तिथी बघत नाही, नक्षत्र बघतो, रोहिणी, मिरग, आर्द्रा, कारण ती सूर्याची नक्षत्रं आहेत, सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो आणि मिरग दरवर्षी ७-८ जूनलाच येतो. आमच्या आजोबा-पणजोबांना शाळा मिळाली नसेल पण सूर्याचं कॅलेंडर कुठलं आणि चंद्राचं कुठलं हे त्यांना पक्कं माहीत होतं.

संक्रांतीबद्दल मात्र एक दुरुस्ती करायला हवी. १४ जानेवारीपासून दिवस मोठा व्हायला लागतो असं आपण तिळगूळ देताना सांगतो, शाळेत पण सांगतात. दिवस मोठा व्हायला लागतो तो २२ डिसेंबरपासूनच. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी व्हायच्या, पण पृथ्वीचा आस सुमारे सव्वीस हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्याने तारे आणि ऋतू ह्यांच्यात साधारण ७२ वर्षांना एक दिवस असा फरक पडत गेला आणि आता तो तेवीस-चोवीस दिवसांचा झालाय. सण १४ लाच करा, त्यात काहीच बिघडत नाही, फक्त मुलांना उत्तरायणाची तारीख खरी सांगा. स्वतंत्र भारताने ह्याचा विचार केला होता, मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली, तिचा चैत्र २२ मार्चला सुरू होतो (लीप वर्षात २१ ला), म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्याला धरून. सरकारी राजपत्रावर ती तारीख अजून असते. किती घरांत ती माहीत आहे?

आणि आपल्याच गावातला सांजांव बघा, २४ जूनला डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात तो. बरोबर सहा महिन्यांनी नाताळ. युरोपात हे दोन्ही दिवस सूर्याच्या दोन टोकांना धरून ठेवलेले, एक सगळ्यात मोठ्या दिवसाजवळ आणि एक सगळ्यात लहान दिवसाजवळ, तिकडे त्या जूनच्या रात्री होळ्या पेटवतात आणि इकडे येऊन तो सण पावसाचा आणि भरलेल्या विहिरींचा झाला. कल तोच, पण गोव्यात त्याचा अर्थ पाणी.

आजकाल "ऋतूच बदललेत" असं जे म्हणतात त्याबद्दल एवढंच की पृथ्वीचं कलणं बदललेलं नाही, ते बदलतं पण एकेचाळीस हजार वर्षांच्या फेऱ्यात, २२.१ ते २४.५ अंशांच्या मध्ये, आपल्या आयुष्यात काही कळणार नाही. बदललंय ते हवेत आणि समुद्रात. २०२१ च्या मे मध्ये तौक्ते वादळ आपल्या दारावरून गेलं, २०२५ ला मान्सून २४ मे लाच केरळात पोचला, मोहोर आलेला असताना पाऊस पडतो आणि आंबा-काजूवाला बसतो कपाळाला हात लावून. ह्याच्यात सूर्याचा दोष नाही, माणसाने सोडलेल्या धुराचा मोठा वाटा आहे, आणि हे दोन वेगवेगळे विषय आहेत हे मुलांना कळण्यासाठी सुद्धा आधी मूळ कारण नीट कळायला हवं. सूर्य जवळ आलाय म्हणून गरमी असं ज्याने मान्य केलं त्याला वाटणारच की वाढत्या गरमीला आपण काय करणार.

आता मागणं. तुमच्या पंचांगाच्या चौकटीत सूर्योदय, सूर्यास्त, तिथी, नक्षत्र, राहूकाळ छापता. त्यात आणखी दोन आकडे घाला, एक आजचा खरा मध्यान्ह किती वाजता आणि दुसरा दिनमान म्हणजे दिवस किती तास किती मिनिटांचा. दोन्ही गणिताने निघतात, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या मधोमधची वेळ म्हणजे मध्यान्ह आणि त्यांच्यातला फरक म्हणजे दिनमान, तुमच्या डेस्कवरच्या माणसाला दोन मिनिटांचं काम. वर्षभर कोणी ते वाचलं तर त्याला दिसेल की जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत सूर्योदय उशिराच होत जातो, सात वाजून जातात, तरी दिवस मोठा होतोय कारण सूर्यास्त जास्त वेगाने पुढे जातोय. कॅलेंडर घेऊन मोजेल तर कळेल की मार्चच्या समान दिवसापासून सप्टेंबरच्या समान दिवसापर्यंत १८६ दिवस आहेत आणि परत मार्चपर्यंत १७९च, कारण जानेवारीत सूर्याच्या जवळ असताना पृथ्वी जरा जोरात धावते. अंतराचा खरा परिणाम असा दिसतो, उन्हाळ्यात नाही.

दुसरं, २ मे च्या दोन दिवस आधी पहिल्या पानावर एक छोटी सूचना छापा. शाळांना तेव्हा सुट्टी असेल, म्हणजे मुलं घरीच, अंगणात किंवा गच्चीवर. सपाट जागेवर एखादी बाटली, पाइपचा तुकडा किंवा पोळपाट-लाटण्यातलं लाटणं उभं ठेवायचं, तिरकं नको, सव्वाबारापासून सावली बघत राहायची, दर पाच मिनिटांनी टोकाला खडूने खूण करायची. ढग असले तर दुसऱ्या दिवशी परत, फरक अगदी थोडा पडतो. सूर्याकडे बघायचं नाही, बघायची ती फक्त जमीन, हे ठळक अक्षरात छापा. पेडणे ते काणकोण वाचकांनी फोटो आणि वेळ पाठवायला सांगा, काणकोणची सावली आधी जाते आणि पेडण्याची नंतर हे एका पानावर दिसलं तर पृथ्वी गोल आहे हे पण त्यातच आलं.

तिसरं शिक्षण खात्यासाठी आणि मुख्याध्यापकांसाठी आहे, ते तुमचा पेपर वाचतात म्हणून इथेच लिहिते. प्रत्येक शाळेच्या आवारात एक मीटरचा लोखंडी पाइप ओळंब्याने सरळ रोवा, खाली सिमेंटचा ओटा करा, आणि महिन्यातून एकदा पाचवी ते आठवीच्या मुलांना दुपारी तिथे न्या, सावलीच्या टोकाला तारीख लिहू द्या. पाइपला फार तर पाचशे रुपये लागतील. १० ऑगस्टला शाळा चालू असतात, पावसाने उघडीप दिली तर दुपारी बारा चाळीसला तो पाइप पण बिनसावलीचा दिसेल. परीक्षेत चित्राला नावं द्या हा प्रश्न विचारता त्याच्या जागी स्वतःच्या शाळेतली मोजलेली सावली विचारा.

चौकटीसाठी गोव्याचं वर्षभराचं मध्यान्हाचं आणि दिनमानाचं कोष्टक हवं असेल तर मी बारा तालुक्यांचं करून द्यायला तयार आहे, कसलाही मोबदला नको. मात्र २ मे ची सूचना ३० एप्रिलच्या आत छापून यायला हवी, म्हणून हे पत्र थोडं घाईने पाठवतेय.

आपली,
गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेणारी एक वाचक,
डिचोली, गोवा